‘जोड’ची चावी कोणाकडे

लिहून ठेवणार : खाली सही करणारी मी. वय वर्षे एकाहत्तर, विधवा, धंदा बूट शिवण्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत.

आज सकाळी डॉक्टरांनी मला वार विचारला, लेकीचे वय विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि थांबले. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला त्यांनी लिहून दिला, तो या कागदाला जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मी थकले आहे हे खरे. पण आपले काय कोणाला द्यायचे हे थकलेल्या माणसाला जास्त नीट कळते, कारण उचलून ठेवायची ताकद उरलेली नसते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आहे, आणि हृदयाच्या झडपेचे जे चालले आहे ते पाहता शेवटचेही असावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी एक मसुदा करून आणला होता. त्यात मी ‘सदरहू महिला’ झाले होते. मी म्हटले, माझे मीच लिहिते.

“काकू, कोर्टाला एवढं ऐकून घ्यायची सवय नाही,” त्या म्हणाल्या.

“जिवंतपणी कोणी ऐकलं नाही. मेल्यावर तरी ऐकू देत.”

“लिहा मग. पण दोन गोष्टी पाळा. कोणाला काय देताय ते गोल गोल नको. आणि पासवर्ड यात अजिबात लिहू नका. मृत्युपत्र पुढे चारचौघांच्या हातात जातं.”

म्हणून आधीच सांगून ठेवते. पासवर्ड या कागदात नाही. उजेडात धरून शोधू नये.

कलम २. घर. वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक लेकीला. न्हाणीघरातला नळ आधी डावीकडे फिरवून मग वर उचलावा लागतो. हे तिला ठाऊक आहे, जावयांना नाही. ते दर वेळी भिजतात आणि दर वेळी नळाला दोष देतात. खालचे दुकान मालकीने लेकीचेच, परंतु आमच्याकडे बूट शिवणाऱ्या शिलाईवाल्या मावशी जोवर काम करतील तोवर ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. दोघींना विचारून हे लिहिले आहे. दोघींनी “हो” म्हटले, आणि दोघीही मग उगाच चहा टाकायला उठल्या.

कलम ३. हत्यारे. आऱ्या, रापी, दोन्ही शिलाईयंत्रे, चामडे ठेवायची पेटी आणि भिंतीवरचे सगळे लाकडी साचे शिलाईवाल्या मावशींना. हे, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर एक बूट होता. दुपारची वेळ होती. मी मागे खळ ढवळत होते. “दोरा दे जरा,” असे म्हणाले, आणि मी दोरा घेऊन आले तोवर ते नव्हते. तो बूट तसाच ठेवा, आठवण म्हणून, असे पुष्कळांनी सांगितले. मी मावशींना म्हटले, “पुरा करा. गिऱ्हाइकाला अर्धा बूट देता येत नाही.” त्यांनी चार दिवसांत पुरा केला. कुठे यांचे टाके संपतात आणि मावशींचे सुरू होतात ते मला दिसले होते. गिऱ्हाइकाला दिसले नाही. यावरूनच हत्यारे कोणाकडे जावीत ते ठरले.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे ‘जोड’ नावाची वेबसाइट आहे. वकीलबाई तिला ‘संकेतस्थळ’ लिहा म्हणतात. कोर्टाने तसे समजावे. ज्याने ती पाहिलेली नाही त्याच्यासाठी ती काय आहे ते सांगते.

आमचे दुकान वेगळ्या पायांसाठी बूट करणारे. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचा एक सहा नंबरचा तर दुसरा आठ, कोणाला एकच पाय. पण प्रत्येक बूट हाताने करून घेणे सगळ्यांना जमत नाही. माणसे बाजारातून जोडी विकत घेत आणि नको असलेला बूट आमच्याकडे टाकून जात. “तुमच्याकडेच असू दे, घरी बघवत नाही,” म्हणत. एका फळीवर असे एकटे बूट साठले. एक दिवस एका शिक्षकाने त्यातला एक उजवा उचलला, घातला आणि तो त्याला अगदी बसला. त्याला उजवाच हवा होता. हे त्या दिवशी जेवले नाहीत, इतके त्यांच्या डोक्यात ते घोळत राहिले. ज्याला डावा हवा तो एकीकडे, ज्याला त्याच मापाचा उजवा हवा तो दुसरीकडे, आणि दोघेही एकेक बूट फेकत आहेत.

आधी दुकानात फळा लावला. मग संगणकाच्या कामातल्या एका गिऱ्हाइकाने बुटांच्या बदल्यात ही वेबसाइट करून दिली. माणूस आपला पाय, माप, आवड आणि पत्ता नोंदवतो. सांभाळणारा ते तपासतो, जुळणारा जोडीदार शोधतो, दोघांना विचारतो आणि दोघे “हो” म्हणाले तरच एकमेकांचा पत्ता देतो. मग ती दोन माणसे मिळून एक जोडी घेतात आणि एकेक बूट वाटून घेतात. आज नोंदी दोन हजार तीनशे चौदा आहेत. सांभाळणारा नसेल तर पान दिसत राहते, नोंदी येत राहतात, पण पुढे काहीच होत नाही. हे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे.

कलम ५. माझी चूक. ही मृत्युपत्रात लिहायची गोष्ट नव्हे असे लेक म्हणाली. मला वाटते हीच लिहायची गोष्ट.

हे गेल्यावर त्यांचा फोन वाजत राहिला. ज्याला माहीत नाही तो विचारायचा, “आहेत का?” मी सांगायची. समोरचा हळहळायचा, मग मलाच त्याची समजूत घालावी लागायची. असे दिवसातून पाच-सहा वेळा. तेराव्या दिवशी मी मृत्यूचा दाखला घेऊन फोन कंपनीच्या कार्यालयात गेले आणि नंबर बंद करून आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “नक्की ना आजी? परत मिळत नाही.” मी म्हटले, “नक्की.” त्या दिवशी परत येताना मला बरे वाटत होते. सगळे आवरून टाकणारी बाई म्हणून माझे नाव आहे. मी आवरले.

महिन्याने पासवर्ड सापडला. मापांच्या वहीत, शेवटच्या पानावर, नीट लिहिलेला. मी तो टाकला. संगणक म्हणाला, तुमच्या फोनवर सहा आकडी कोड पाठवला आहे. तो कोड त्यांच्या नंबरवर गेला होता. त्यांचा नंबर मीच पुसला होता.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचे सगळे वाचनालयात बसून वाचले. संगणकावरचे एक जाडजूड पुस्तक मी तीनदा वाचले, पहिल्या वेळी शब्दकोश शेजारी ठेवून. त्या पुस्तकात हरवलेला पासवर्ड कसा मिळवायचा ते होते, चोरापासून कसे जपायचे ते होते. मालक मेला तर काय, हे चारशे पानांत कुठेही नव्हते. पुन्हा त्या कार्यालयात गेले. या वेळी काउंटरवर एक गृहस्थ होते. ते म्हणाले, “नंबर ज्यांच्या नावावर होता त्यांना स्वतः यावं लागेल.” मी म्हटले, “त्यांनाच सांगून बघा.”

कलम ६. एके दिवशी सवयीने मी त्यांचा नंबर फिरवला. तो लागला.

“हॅलो. कोण?” बाईचा आवाज, झोपेतला.

मी म्हटले, “हा नंबर… माझ्या नवऱ्याचा आहे.”

“हे बघा, मी रात्रपाळी करून आत्ता पडलेय. तुमचा नवरा इथे नाही.”

“ते वारले.”

पलीकडे पलंग करकरला. मग ती म्हणाली, “वाईट झालं. पण तुम्ही बुटाचं माप सांगायला फोन केला नाहीत ना?”

“कसलं माप?”

“हा नंबर घेतल्यापासून रोज कोणीतरी मला पाय सांगतंय! एक म्हणाला, डावा, नऊ नंबर, चवडा रुंद. मी म्हटलं, मेल्या, परक्या बाईला फोन करून पाय सांगतोस?”

हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मग रडले. तिने फोन ठेवला नाही. मी तिला सगळे सांगितले आणि म्हटले, तुमच्या फोनवर एक कोड येईल तेवढा सांगा.

“कोड? नाही हो. कोड कोणालाही सांगायचा नाही. बँक आठवड्यातून दोनदा मेसेज पाठवते.”

“अहो, मी बँक लुटत नाहीये.”

“लुटणारा काय सांगून लुटतो? भेटायला या. माणूस बघितल्याशिवाय मी काही देत नाही, गोळीसुद्धा नाही.”

ती एका इस्पितळात परिचारिका आहे. सगळे तिला नर्सबाई म्हणतात, मीही तेच लिहीत आहे. मी तिथल्या उपाहारगृहात भेटायला गेले. तिने पिशवीतून एक वही काढली. ज्या फोनना ती शिव्या देत होती ते सगळे तिने लिहून ठेवले होते : तारीख, वेळ, डावा की उजवा, नंबर, नाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘पुन्हा करेल.’ ‘ऐकू कमी.’ ‘रडत होता.’ एक्केचाळीस नोंदी. मी विचारले, “कशाला लिहिलंत?” ती म्हणाली, “वॉर्डात सवय आहे. कोणी काही सांगितलं की लिहायचं. काय कामाचं आणि काय नाही ते नंतर डॉक्टर ठरवतो.”

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मी पासवर्ड टाकला. तिच्या फोनवर कोड आला. मी हात पुढे केला.

“सरका,” ती म्हणाली. “सांगणार नाही म्हटलं ना? मी टाकते.” आणि फोनवर तळहात धरून तिने ते सहा आकडे स्वतः टाकले.

यांना जाऊन त्या दिवशी एकशे सदतीस दिवस झाले होते.

कलम ७. त्या एकशे सदतीस दिवसांचा भार. मंजुरीसाठी थांबलेल्या नोंदी उघडल्यावर मला एक पोस्टमन दिसला. उजवा पाय नाही, साखरेचा आजार, डाव्या पायाला आठ नंबरचा मऊ बूट हवा. आणि हे गेल्यानंतर चौथ्याच दिवशी एका शिंप्याने नोंद केली होती : फक्त उजवा हवा, आठ नंबर, मऊ. दोघे एकाच पानावर चार ओळींच्या अंतराने उभे होते. मध्ये मी हवी होते.

पोस्टमनने त्या चार महिन्यांत फाटका बूटच घातला. जखम झाली, ती भरली नाही, दोन बोटे काढावी लागली. मी त्यांच्या घरी गेले आणि माझे काय चुकले ते सांगितले. ते म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. पाच होती, तीन राहिली. नखं कापायला वेळ कमी लागतो.” त्यांची बायको हसली नाही. मी तिच्याकडे बघून बोलत होते, कारण ती खरे ऐकत होती.

पोस्टमन हयात असेतो दर वर्षी त्यांना डाव्या पायाचा एक नवा बूट शिलाईवाल्या मावशींनी करून द्यावा. चामडे पेटीतले, मजुरी माझ्या मालमत्तेतून. ही देणगी नाही, असे त्यांना सांगावे. नाहीतर ते घेणार नाहीत.

कलम ८. माझे दीर. यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बोलायला गोड. मी आधी लिहिले होते, ‘दिरांना काही नाही.’ वकीलबाई म्हणाल्या, कारण लिहा, नाहीतर विसरलात असे वाटेल. विसरले नाही.

‘जोड’ परत सुरू झाल्यावर ते दुकानात येऊन बसू लागले. पाठ दुखते म्हणून यांची खुर्ची घ्यायचे. एकदा मी चामडे आणायला आत गेले असताना त्यांनी पडद्यावरच्या पानाचा फोटो काढला आणि बूट विकणाऱ्या एका कंपनीला दिला. त्या पानावर बावीस माणसे होती. त्यातल्या एका बाईचा एक पाय दोन इंच आखूड. आम्ही तिचा बूट असा करायचो की बाहेरून कळू नये. सासरी नवऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. कंपनीचा माणूस तिच्या दारात जाऊन सासूला विचारता झाला, “पायाचा प्रॉब्लेम असलेल्या बाई इथेच राहतात ना?”

तिने मला फोन केला. ओरडली नाही. “माझं नाव काढून टाका,” एवढेच म्हणाली. मी काढले. त्यानंतर ती बूट कुठून घेते मला माहीत नाही.

दिरांना विचारले तर म्हणाले, “वहिनी, त्यात पाप काय? उलट त्या लोकांचंच भलं.”

“त्यांना विचारलंत?”

“एवढ्या लोकांना कोण विचारत बसणार?”

“तुमचे भाऊ विचारायचे. एकेकाला.”

“म्हणून तर दादा आयुष्यभर याच बोळात राहिला.”

हे बोलणे मी तेव्हा सोडून दिले. आता धरते. ‘जोड’चा पासवर्ड, यादी, वही, संगणक, यातले काहीही दिरांच्या हाती, त्यांच्या मुलांच्या हाती किंवा त्यांनी पाठवलेल्या कोणाच्याही हाती जाऊ नये. त्यांनी यावर दावा लावला तर हे कलम न्यायाधीशांना मोठ्याने वाचून दाखवावे. ती खुर्ची मात्र त्यांना द्यावी. पाठ खरेच दुखते त्यांची.

कलम ९. ‘जोड’ची चावी. पासवर्डचे मी दोन तुकडे केले आहेत. पहिला अर्धा बंद पाकिटात लेकीकडे आहे, दुसरा अर्धा बंद पाकिटात नर्सबाईंकडे. एकीला दुसरीचा तुकडा ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेऊ नये. एका बुटाने कोणी चालू शकत नाही, हे दोघींना समजावून सांगावे लागले नाही. कोड पूर्वीसारखाच नर्सबाईंच्या फोनवर येतो. तो फोन हरवला किंवा बंद असला तर उपयोगी पडतील असे दहा राखीव कोड छापलेला कागद वकीलबाईंच्या तिजोरीत आहे. वेबसाइटच्या नावाची नोंदणी पुढच्या पाच वर्षांची करून ठेवली आहे. ती संपायची तारीख लेकीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी स्वतः लाल शाईने लिहिली आहे, दर वर्षी ती नव्या कॅलेंडरवर उतरवावी.

माझ्यानंतर दोघींनी मिळून पासवर्ड बदलावा आणि महिन्याच्या आत आपापल्यानंतर कोण, हे ठरवून एकमेकींना लेखी द्यावे. दोन्ही तुकडे कधीही एका घरात राहू नयेत. माझा स्वतःचा फोन नंबर एक वर्षभर चालू ठेवावा, कितीही वाजला तरी. जो वाजवील त्याला उत्तर द्यावे. त्रास होतो. द्यावे.

लेक गणित शिकवते. तिने विचारले, “आई, परक्या बाईवर एवढा विश्वास?” मी म्हटले, “तिने मला कोड सांगितला नाही, म्हणून.”

कलम १०. तालीम. कागदावर सगळे ठीक असते. हे गेले तेव्हाही वहीत पासवर्ड होताच. म्हणून मी ठरवले की एक दिवस मरून पाहायचे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी वारलेली आहे असे समजून दोघींनी मला न विचारता ‘जोड’ उघडायचे. जावई म्हणाले, “सासूबाई, हार आणू का?” मी म्हटले, “आणा, पण बिल तुमच्या नावावर.”

पहिली तालीम जानेवारीत. मी वाचनालयात जाऊन बसले. फोन बंद करायला विसरले. लेकीने अकरा वेळा केला. बाराव्या वेळी मी उचलला.

“आई, पाचवं अक्षर एक आहे की सात?”

“मी मेले आहे.”

“हो गं, पण एक की सात?”

“मेलेली बाई सांगत नाही.”

“मेलेली बाई फोन तरी कशाला उचलते मग?”

तोवर चुकीचा पासवर्ड टाकून टाकून दार एक दिवसापुरते बंद झाले होते. माझा एक आणि सात सारखाच दिसतो हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळले. दोन्ही तुकडे मी पुन्हा लिहिले, आकड्याखाली अक्षरांत.

दुसऱ्या तालमीला पासवर्ड बरोबर निघाला, पण नर्सबाई अशा वॉर्डात होत्या जिथे फोन नेता येत नाही. कोड आला आणि दहा मिनिटांत शिळा झाला. राखीव कोड तिजोरीत, तिजोरीची किल्ली वकीलबाईंकडे, वकीलबाई माहेरी. लेकीने संध्याकाळी मला फोन करून एकच वाक्य सांगितले, “आई, तुला अजून मरता येणार नाही.” आता तिजोरीची दुसरी किल्ली वकीलबाईंच्या कार्यालयातल्या कारकुनांकडे असते, आणि त्यांना कोणत्या दोन बायका एकत्र आल्यावरच ती द्यायची ते लिहून दिले आहे.

तिसरी तालीम गेल्या गुरुवारी झाली. त्या दिवशी मी फोन घरीच ठेवला. वाचनालयात माझ्या नेहमीच्या जागी बसले. समोर एक गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. मी एक पान चार वेळा वाचले. मेल्यावर काय वाटत असेल याचा विचार करून पाहिला, पण पाय दुखत होते, त्यामुळे नीट जमले नाही. यांची आठवण मात्र नेहमीसारखी आली. नेहमीसारखी म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी वावरत असावे तशी. पाच वर्षांत तिचा आवाज वाढलेला नाही आणि कमीही झालेला नाही.

पाचला घरी येऊन संगणक उघडला. दोघी चाळीस मिनिटांत आत शिरल्या होत्या. तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. मंजुरीच्या रांगेत एक बसवाहक होता आणि एक शाळेत जाणारी मुलगी, दोघांचे माप चार, त्याला डावा हवा, तिला उजवा. बसवाहकाचा पाय लहानपणच्या आजाराने वाढलेला नव्हता. दोघींनी दोन्हीकडे फोन केले, विचारले, होकार घेतला आणि जोडी जुळवली. खाली नर्सबाईंनी स्वतःच्या भाषेत लिहिले होते : ‘पाय संध्याकाळी मोजा. सकाळचं माप चालणार नाही. मुलीच्या आईने फोन उचलत जावा.’

हे माझ्याशिवाय झाले. मला थोडे तरी लागेल असे वाटले होते. मी जेवले, भांडी घासली आणि आठ वाजता झोपले. कित्येक वर्षांत तशी झोप लागली नव्हती.

कलम ११. उरलेले. माझी पुस्तके वाचनालयाला. समासात पेन्सिलीने मी पुष्कळ ठिकाणी ‘हे खोटे’ असे लिहिले आहे. ते खोडू नये, पण लेखकांचे नातेवाईक आल्यास ती पुस्तके वरच्या कप्प्यात ठेवावीत. बांगड्या लेकीला. राखाडी शाल नर्सबाईंना, वॉर्डात पहाटे गारठा असतो म्हणतात. डोळे घेण्याजोगे असतील तर घ्यावेत. यांचा चष्मा माझ्या उशाशी आहे. तो कोणाच्या उपयोगाचा नाही, तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

कलम १२. मी गेल्याच्या दिवशी, इतर काही करण्याआधी, लेकीने आणि नर्सबाईंनी ‘जोड’ उघडावे. पहिल्या पानावर माझा फोटो लावू नये, दिवा लावू नये, माझे गुण सांगू नयेत. तिथे येणारा माणूस बूट शोधायला आलेला असतो. यांच्या वेळी त्या पानावर एकशे सदतीस दिवस काहीच लिहिलेले नव्हते, आणि माणसे रोज येऊन बघून जात होती. म्हणून पुढचा मजकूर मी तयार करून ठेवला आहे. तो जसाच्या तसा लावावा आणि मगच माझ्याकडे वळावे :

‘सांभाळणारी व्यक्ती आजपासून बदलली आहे. आता दोघीजणी आहेत. तुमची नोंद सुरक्षित आहे. तुमचा पत्ता तुम्हाला विचारल्याशिवाय कोणालाही दिला जाणार नाही. कोणाची जोडी अर्ध्यावर राहिली असेल तर आजच कळवा, आम्ही इथे बसलो आहोत.’

वरील बारा कलमे मी माझ्या हाताने लिहिली, चष्मा लावून पुन्हा वाचली आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांना या कागदातून काही मिळत नाही, आणि हे त्यांना सांगितल्यावरही ते आले.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिले : वाचनालयाचे ग्रंथपाल. (सही) सही करण्याआधी त्यांनी विचारले, “गुरुवारी त्या जागेवर काय करत होतात हो? पान उलटत नव्हतात.”

साक्षीदार दुसरे : डॉक्टर, ज्यांनी वजाबाकी करून घेतली. (सही)

ठिकाण : दुकान, पुढची खोली
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी साडेतीन